मनातल्या मनात हललेला हात

१९७२च्या एप्रिलमध्ये ऑस्लोतल्या एका प्राध्यापकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. आल्फ ब्रोडाल त्यांचं नाव, वय ६२. मेंदूची रचना हा त्यांचा जन्मभराचा विषय. चेतातंतूंची कुठली जुडी कुठून निघते आणि कुठे पोहोचते, हे शोधण्यात आणि शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. आता तशीच एक जुडी त्यांच्याच डोक्यात तुटली होती.

माणूस हाडाचा संशोधक. बरं होता होता त्यांनी स्वतःवरच नजर ठेवली आणि १९७३ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आपल्या आजाराची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यात बो-टाय बांधण्याचा एक प्रसंग आहे. आजारापूर्वी ती गाठ त्यांच्या हातांना पाठ होती. मन दुसरीकडे असलं तरी बोटं आपापलं काम उरकत. आता गाठ अर्ध्यावर आली की बोटं थांबत. ताकद कमी होती, वेग नव्हता, हे खरंच. पण मुख्य अडचण वेगळीच आहे हे ब्रोडाल यांच्या ध्यानात आलं. पुढची हालचाल कोणती, हेच बोटांना ठाऊक नव्हतं. कविता म्हणताना मध्येच अडलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते, तसं झाल्याचं ते सांगतात. रामरक्षा म्हणताना कधी अडखळलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली. दुबळा स्नायू हलवायला अंगापेक्षा मनाचंच बळ जास्त खर्ची पडत होतं. थोड्याशा हालचालीने थकवा यायचा, आणि तो थकवा मनाचा असायचा. फिजिओथेरपिस्टने हात धरून तीच हालचाल दोन-चार वेळा करवून घेतली की मग ती त्यांना स्वतःहून जमू लागे, जणू कोणीतरी विसरलेली ओळ कानात सांगितली.

हा लेख मी वाचला तेव्हा मला माझी आत्या आठवली. तिचा उजवा हात असाच गेला होता. घरात जो तो त्या हाताला तेल चोळत होता, मुठीत रबरी चेंडू देऊन “दाब, दाब” म्हणत होता. हात दुबळा झालाय, त्याला बळ आणायचं, एवढंच आम्हाला कळत होतं. हात विसरला असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

पक्षाघातात पायापेक्षा हात अधिक मागे का राहतो, यालाही कारण आहे. मेंदूच्या बाहेरच्या अंगाला रक्त पुरवणारी मधली मोठी रोहिणी या आजारात फार वेळा बंद पडते, आणि हात, बोटं, चेहरा यांचा कारभार नेमका तिच्या हद्दीत असतो. पायाचा भाग मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, दुसऱ्या रोहिणीच्या पाण्यावर. म्हणून पेशंट काठी टेकत का होईना चालू लागतो, घरचे देवाला नारळ फोडतात, आणि शर्टाचं बटण, भाताचा घास, साडीच्या निऱ्या तशाच दुसऱ्याच्या हाती राहतात.

विसरलेल्या हाताला आठवण कशी करून द्यायची? गेल्या पन्नासेक वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरं पुढे आली: हालचाल मनात आणून आणि दुसऱ्याची हालचाल डोळ्यांनी पाहून. ऐकायला दोन्ही इतकी साधी वाटतात की त्यांच्यावर विश्वास बसायला मेंदूविज्ञानाला एवढा वेळ का लागला असेल, असं वाटावं.

मनात आणलेली हालचाल अंगात उतरते, ही शंका तशी जुनीच. १८३३ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी आंपेअर यांना पत्र लिहून आपला एक प्रयोग कळवला होता. दोऱ्याला टांगलेला लंबक हातात धरला आणि तो हलतोय असं मनात आलं की तो हलू लागतो. डोळे बांधले की थांबतो. हात हलवल्याचं धरणाऱ्याला कळतसुद्धा नाही. आपल्याकडचा पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन शेतात फिरतो आणि एका जागी नारळ उभा राहतो, तेव्हा तो लबाडी करत नसतो; त्याच्या मनातली अपेक्षा त्याच्या नकळत हातात उतरलेली असते. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर यांनी या प्रकाराला शास्त्रीय नाव दिलं, १८९०च्या आपल्या ग्रंथात विल्यम जेम्स यांनी त्याला मानसशास्त्रात मानाची जागा दिली. १९३०च्या सुमारास शिकागोत एडमंड जेकबसन यांनी लोकांच्या दंडाला विद्युताग्रं लावून त्यांना हात वाकवण्याची नुसती कल्पना करायला सांगितलं, तेव्हा त्या निजलेल्या स्नायूत विजेची बारीक हालचाल उमटली. पुढे खेळाडूंच्या मनातल्या सरावावर पुष्कळ अभ्यास झाले. पण आजारी माणसाच्या खाटेपर्यंत यातलं काही पोहोचलं नाही. कल्पना ही हवेतली गोष्ट, आणि हवेतल्या गोष्टीने लुळा हात कसा हलणार?

ती हवेतली नाही, हे कोपनहेगनमध्ये दिसलं. तिथे नील्स लासेन आणि त्यांचे सहकारी मेंदूतल्या रक्तप्रवाहाचं मोजमाप करत होते. मानेतल्या रोहिणीत थोडा किरणोत्सारी झेनॉन सोडायचा आणि डोक्याशेजारी लावलेल्या २५४ शोधकांनी तो मेंदूच्या कुठल्या भागात किती पोहोचला ते टिपायचं. १९८० मध्ये पेर रोलांड आणि लासेन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अंगठा एकेका बोटाला ठरावीक क्रमाने लावायला सांगितलं होतं. बोटं प्रत्यक्ष चालली तेव्हा हालचालीचा मुख्य पट्टा उजळला आणि त्याच्या पुढचा, वरच्या बाजूचा एक भागही. मग त्याच लोकांना सांगितलं, बोटं हलवू नका, क्रम फक्त मनात चालवा. मुख्य पट्टा शांत राहिला, पण पुढच्या भागातला रक्तप्रवाह तरीही वाढला. हालचालींचा क्रम लावणारा तो भाग होता. ब्रोडाल यांची बोटं जिथे अडत होती, तो क्रम.

यानंतरचं काम फ्रान्समध्ये, लियों शहरात झालं. मार्क जानरो आणि त्यांचे तरुण सहकारी जाँ देसेती यांनी कल्पनेला चक्क घड्याळ लावलं. माणसाला जमिनीवरच्या खुणा दाखवायच्या, कोणती ५ मीटरवर, कोणती १०, कोणती १५. मग डोळे बांधून तिथवर चालायला लावायचं आणि वेळ मोजायचा. नंतर त्याला जागेवरच उभं करून तेवढंच अंतर मनात चालायला सांगायचं, पोहोचलास की बटण दाब. दोन्ही वेळा जवळजवळ सारख्या आल्या. अंतर वाढलं तशी मनातली चालही लांबली. १९८९च्या या प्रयोगात त्यांनी पाठीवर २५ किलोचं ओझंही दिलं. ओझ्यानिशी माणसं प्रत्यक्षात तेवढ्याच वेळात चालली, पण मनातल्या चालीला जास्त वेळ लागला. मनालाही ओझं होतं. दोन वर्षांनी याच गटाने फिरत्या पट्ट्यावर चालण्याची कल्पना करणाऱ्यांची नाडी आणि श्वास मोजले. पट्ट्याचा वेग मनात वाढला तशी नाडी वाढली, श्वास वाढला. पाय जागचे हलले नव्हते.

इथे जानरो यांनी एक भेद स्पष्ट केला, आणि उपचाराच्या दृष्टीने तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्वतःला बाहेरून पाहणं वेगळं आणि आतून जाणवणं वेगळं. डोळे मिटा आणि पाण्याने भरलेली कळशी उचला. कळशी उचलणारी व्यक्ती पडद्यावर दिसल्यासारखी दिसली, तर ते पाहणं झालं. बोटांना काठाची गार धार लागली, मनगटात ओढ आली, कमर किंचित एका अंगाला झुकली, तर ती हालचालीची कल्पना. १९९४ मध्ये जानरो यांनी आपल्या मोठ्या निबंधात मांडलं की अशी कल्पना म्हणजे हालचालीचाच आधीचा टप्पा आहे. मेंदू बेत तोच करतो, फक्त शेवटचा हुकूम अडवून धरतो.

बेत तोच असेल तर तो पुन्हा पुन्हा केल्याने काही पक्कं व्हायला हवं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात ग्वांग युए आणि केली कोल यांनी करंगळीवर हे तपासलं. करंगळी बाहेरच्या बाजूला ताणायचा व्यायाम चार आठवडे. एका गटाने तो खरोखर केला, त्यांची ताकद ३० टक्के वाढली. दुसऱ्याने फक्त मनात केला, स्नायू ढिला ठेवून. त्यांची २२ टक्के वाढली. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांची ४ टक्क्यांहून कमी. हे १९९२ साली प्रसिद्ध झालं. तीन वर्षांनी आल्वारो पास्कुआल-लिओने यांनी पियानोवरचा पाच बोटांचा एक सोपा धडा लोकांना दिला, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी पियानो वाजवला, काहींनी त्यासमोर बसून तो मनात वाजवला. बाहेरून चुंबकीय झटका देऊन पाहिलं तेव्हा दोघांच्याही मेंदूत बोटांचा इलाखा विस्तारला होता. हातात मात्र फरक होता. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी तिथे पोहोचले जिथे प्रत्यक्ष वाजवणारे तिसऱ्या दिवशी होते. मग मनात वाजवणाऱ्यांना एकदाच, दोन तास, खऱ्या पट्ट्यांवर बसवलं आणि त्यांनी ती तूट भरून काढली. या शेवटच्या दोन तासांचा पुढच्या काळात काहींना विसर पडला, त्याची किंमतही मोजावी लागली.

दुसरा धागा इटलीतल्या पार्मा शहरातला. तिथल्या शरीरक्रियाशास्त्राच्या संस्थेत जाकोमो रिझोलाती यांचा गट माकडाच्या मेंदूत एकेका पेशीत केसासारखी तार घालून ती कधी बोलते ते ऐकत असे. पेशी जागी झाली की ध्वनिक्षेपकातून तडतड आवाज येई. माकडाने दाणा उचलला की बोलणाऱ्या पेशी त्यांना माहीत होत्या. नवल हे की माकड नुसतं बसलेलं असताना, प्रयोग करणाऱ्याने खाऊ उचलला तेव्हाही त्यातल्या काही पेशी तडतडल्या. दुसऱ्याचा हात पाहून माकडाचा हात आतल्या आत जागा होत होता. त्यांनी हे ‘नेचर’कडे पाठवलं, तिथे ते सर्वसाधारण वाचकांच्या कामाचं नाही म्हणून परत आलं. अखेर १९९२ मध्ये एका मेंदूविषयक नियतकालिकात छापलं गेलं. ‘आरसा-पेशी’ हे नाव १९९६ मध्ये रूढ झालं. १९९५ मध्ये लुचानो फादिगा आणि सहकाऱ्यांनी माणसातही दाखवलं की दुसऱ्याला वस्तू पकडताना पाहिलं की पाहणाऱ्याच्या त्याच स्नायूंकडे जाणारी वाट अधिक मोकळी होते.

पुढे या पेशींच्या नावावर दया, भाषा, संस्कृती असं काय काय लावलं गेलं, आणि त्यावर टीकाही झाली. २०१४ मध्ये ग्रेगरी हिकॉक यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या वादात मला शिरायचं नाही. पक्षाघाताच्या पेशंटला त्यातली एकच गोष्ट हवी होती: हात हलत नसतानाही हाताच्या यंत्रणेला आतून हाक मारण्याची दुसरी वाट आहे का? २००६ मध्ये निखिल शर्मा, व्हॅलरी पॉमरॉय आणि जाँ-क्लोद बॅरन यांनी आपल्या लेखाच्या नावातच विचारलं, हा मागचा दरवाजा तर नाही?

प्रौढ मेंदू बदलतो, हे तोवर मान्य होऊ लागलं होतं, आणि ती मान्यता फार कडवट वाटेने आली होती. एडवर्ड टाउब हे माकडांच्या हाताची संवेदना तोडून अभ्यास करत. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंग इथल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांनी छापा घालून १७ माकडं ताब्यात घेतली. प्राण्यांच्या हालांवरून झालेला तो खटला अमेरिकेत वर्षानुवर्षं गाजला, आणि टाउब यांना झालेली शिक्षा पुढे वरच्या कोर्टाने रद्द केली. त्या जिवांचे हाल विसरता येत नाहीत. त्या कामातून निघालेली गोष्टही विसरता येत नाही. सुरुवातीला हात वापरायचा प्रयत्न फसतो, पुन्हा फसतो, मग जीव तो हात वापरणंच सोडून देतो. पुढे मेंदूची वाट थोडी मोकळी झाली तरी सोडलेला हात सोडलेलाच राहतो. न वापरणं हे शिकलेलं असतं. यावरून टाउब यांनी चांगला हात बांधून ठेवून लुळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धत बसवली. २००६ मध्ये २२२ पेशंटवरच्या मोठ्या चाचणीत ती उपयोगी ठरली. पण तिच्यासाठी हातात मुळात थोडी हालचाल हवी. ज्यांच्या हातात तेवढीही नव्हती, त्यांचं काय?

त्यांच्यासाठी पहिली युक्ती चेन्नईच्या स्टॅनली मेडिकल कॉलेजात शिकलेल्या एका डॉक्टरांची होती. विलयनूर रामचंद्रन कॅलिफोर्नियात, हात कापलेल्या आणि तरी त्या नसलेल्या हाताच्या वेदनेने तळमळणाऱ्या माणसांवर काम करत होते. त्यांनी पेटीत उभा आरसा बसवला. चांगला हात आरशासमोर ठेवून हलवला की प्रतिबिंबात गेलेला हात हलताना दिसे. १९९९ मध्ये एरिक आल्टशूलर, रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी हीच युक्ती पक्षाघाताच्या नऊ पेशंटांवर केली: चार आठवडे आरसा, चार आठवडे आरशाच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिक. आरशाने जास्त गुण दिला. नऊच माणसं, पण ‘लॅन्सेट’मधल्या त्या छोट्या टिपणाने जगभरच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत आरसा आणला.

मनातल्या सरावाला उपचाराचं रूप दिलं स्टीफन पेज यांनी, अमेरिकेतच. साधन कुठलं? कॅसेट. पेशंट आधी अर्धा तास थेरपिस्टबरोबर हाताचं काम करी, समजा पेला धरण्याचं. मग तो शांत खोलीत पडून कॅसेट ऐके. पहिली काही मिनिटं अंग सैल सोडायची. मग आवाज सांगे: हात पुढे जातोय, कोपर सरळ होतंय, बोटं उघडली, पेल्याभोवती मिटली. शेवटी पुन्हा खोलीत परत या. २००१ मध्ये १३ पेशंटांपासून त्यांनी सुरुवात केली. २००७च्या चाचणीत ३२ पेशंट होते, पक्षाघाताला सरासरी सुमारे साडेतीन वर्षं उलटलेले, म्हणजे ज्यांना ‘आता जे आहे ते आहे’ असं बहुधा सांगितलेलं असतं. सहा आठवडे, आठवड्याला दोन दिवस. अर्ध्यांना कल्पनेची कॅसेट, अर्ध्यांना तेवढ्याच वेळाची नुसती विश्रांतीची. हाताच्या कामाच्या ५७ गुणांच्या चाचणीत पहिल्या गटाचे सरासरी ७.८१ गुण वाढले, दुसऱ्याचे ०.४४. ज्याने घरात असा हात पाहिला आहे त्याला हे आठ गुण म्हणजे काय ते कळेल: चिमटीत धरलेली गोळी, स्वतः ओढलेलं पांघरूण.

व्हिडिओ त्याच वर्षी आला. डेनिस एर्टेल्ट, फर्डिनांड बिंकोफ्स्की, पार्मातले जोव्हानी बुच्चिनो आणि सहकाऱ्यांनी आठ जुन्या पेशंटांना कामाचे १८ दिवस रोज ९० मिनिटं बसवलं. पडद्यावर सहा मिनिटं हाताची रोजची कामं, वेगवेगळ्या कोनांतून. मग सहा मिनिटं तेच काम, खऱ्या वस्तू हातात घेऊन. पुन्हा पडदा, पुन्हा हात. तुलनेच्या गटाने तेवढाच व्यायाम केला, पण पडद्यावर त्यांना आकृत्या आणि अक्षरं दिसली. हात पाहणाऱ्यांचा हात अधिक सुधारला आणि दोन महिन्यांनंतरही ती सुधारणा टिकून होती. मेंदूच्या चित्रांत पाहण्या-करण्याच्या जोडणीतले भाग अधिक जागे दिसले. २०१२ मध्ये इटलीत १०२ पेशंटांवर, पक्षाघातानंतर लवकरच, २० घरगुती कामांचे व्हिडिओ वापरून मार्को फ्रांचेस्कीनी यांच्या गटाने हे केलं. तुलनेच्या गटाला स्थिर चित्रं दाखवली. एका मिनिटात किती ठोकळे एका खणातून दुसऱ्यात टाकता येतात, त्या चाचणीत व्हिडिओवाले पुढे राहिले.

इथवर कहाणी चढत्या सुरात आहे. पण २०११ मध्ये ‘ब्रेन’मध्येच, ब्रोडाल यांचा लेख छापणाऱ्या त्याच नियतकालिकात, ब्रिटनमधली एक चाचणी आली. मॅग्डालेना इट्सवार्ट आणि सहकाऱ्यांनी १२१ पेशंट घेतले, ताज्या आजाराचे. ३९ जणांना चार आठवडे कसून मनातला सराव दिला, ३१ जणांना तेवढ्याच वेळाचा दुसरा बौद्धिक उद्योग, ५१ जणांना नेहमीचेच उपचार. अट ही की मनातल्या सरावाच्या वेळी हात हलवायचा नाही. कल्पनेची एकटीची ताकद त्यांना पाहायची होती. निकाल: तिन्ही गटांत फरक नाही. पुढच्याच वर्षी हॉलंडमधल्या नर्सिंग होममधल्या ३६ पेशंटांवरच्या चाचणीतही काही हाती लागलं नाही.

मला इट्सवार्ट यांच्या चाचणीबद्दल मनापासून आदर आहे. आशेचं पीक भरात असताना कोणीतरी खरं वजन काट्यावर टाकायला लागतं. आणि नीट पाहिलं तर हा निकाल पियानोच्या त्या शेवटच्या दोन तासांशी जुळतो. पेज यांच्या पेशंटांनी कल्पनेआधी हाताने काम केलं होतं, एर्टेल्ट यांच्या पेशंटांनी पाहिल्यावर लगेच केलं होतं. कल्पना एकटी सोडली की तिचा पाय जमिनीला लागत नाही. त्यातून प्रत्येक मेंदूला कल्पना जमतेच असंही नाही. अँजेला सिरिगू यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं की मेंदूच्या मागच्या-वरच्या भागाला इजा झाली असेल तर मनातल्या हालचालीचा आणि खऱ्या हालचालीचा वेळ जुळत नाही. अशा माणसाला कॅसेट ऐकवली तर तो चुकीची हालचालही मनात घोळवत बसेल. डोळे मिटून पेशंट काय करतोय, ते थेरपिस्टला दिसत नाही. कल्पनेची हीच मोठी अडचण, आणि व्हिडिओचा हाच मोठा गुण: पडद्यावरचा हात तरी बरोबर असतो. २०१३ मध्ये श्टेफान फोग्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र करण्याची बाजू मांडली. व्हिडिओ पाहायचा आणि पाहता पाहताच तो हात आपला आहे असं आतून जाणवू द्यायचं.

सगळ्या चाचण्या एकत्र तोलणाऱ्या कॉक्रेन आढाव्यांनी आता या गोष्टींची जागा बरीचशी ठरवली आहे. २०२० मध्ये २५ अभ्यास आणि ६७६ पेशंट पाहून त्यांनी म्हटलं, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला मनातला सराव दिला तर हाताच्या कामात बहुधा फायदा होतो. व्हिडिओ-निरीक्षणाबद्दल २०२२ मध्ये १६ चाचण्या पाहून सावध होकार आला. दोन्हीकडे मुद्दा ‘जोडीला’ या एका शब्दात आहे.

मुंबईत हे बी फार आधी पडलं होतं, असं मला वाटतं. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, आशियातली पहिली. त्या शास्त्राचा पायाच असा की हाताला नुसता व्यायाम द्यायचा नाही, काम द्यायचं. त्या माणसाच्या जगण्यातलं काम. पाहण्याच्या उपचारालाही हेच लागू पडतं. २००५ मध्ये लंडनमध्ये बॅले नर्तक आणि कापोएरा हा ब्राझिलियन नाच-कुस्तीचा प्रकार खेळणारे यांना दोन्ही प्रकारचे व्हिडिओ दाखवले गेले. ज्याचं अंग जे शिकलं होतं, तेच पाहताना त्याच्या मेंदूतली पाहण्या-करण्याची जोडणी जास्त जागी झाली. इटलीच्या व्हिडिओतला कॉफीचा कप मिरजेतल्या किंवा मडगावच्या आजींच्या हाताला काय सांगणार? त्यांना पोळपाटावर फिरणारं लाटणं दाखवायला हवं, परातीत कणीक तिंबणारी मूठ दाखवायला हवी. हल्ली हे घरोघरी शक्य आहे. मोबाइलवर चांगल्या हाताचा व्हिडिओ काढून तो आडवा उलटवला की पडद्यावर लुळा हातच काम करताना दिसतो. थेरपिस्टशी बोलून सहा मिनिटं ते पाहायचं आणि पुढची सहा मिनिटं लाटणं हातात घ्यायचं.

आत्या फुलवाती वळायची. चातुर्मासात तर हजारांनी. कापसाचा पुंजका डाव्या हातात, उजव्या हाताच्या बोटांनी त्याचं टोक ओढायचं, दुधाचं बोट लावून पीळ द्यायचा, की देठ उभा राहायचा. हात गेल्यावर ते काम माझ्या आईकडे आलं. संध्याकाळी आई तिच्या खाटेसमोर कापसाची टोपली घेऊन बसायची आणि आत्या तासन्‌तास आईच्या बोटांकडे पाहत राहायची. कधी कधी मांडीवर पडलेल्या तिच्या उजव्या हाताची तर्जनी किंचित हलायची. “अगं, तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस, आम्ही आहोत ना,” आई म्हणायची, आणि टोपली आपल्याकडे ओढून घ्यायची. तिच्या हातात कापूस द्यावा, हे आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.